आकाशमार्ग खुला झाला, तेव्हा रुग्णाच्या खाटेपाशी

(संस्थेच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षीच्या सभेत बाह्यरुग्ण विभाग, शस्त्रक्रिया, नवी यंत्रसामग्री आणि जमाखर्च यांचा आढावा आपणांपुढे ठेवण्याचा प्रघात आहे. तो आढावा या अहवालात अन्यत्र दिलेला आहेच. आज मात्र एका अशा विषयावर चार शब्द बोलण्याची आम्ही अनुज्ञा मागतो, जो ग्रामीण रुग्णालयाच्या सभेत प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटावा. कोविडच्या साथीत बंद पडलेली आणि पुढे नाना अटींसह टप्प्याटप्प्याने सुरू झालेली आंतरराष्ट्रीय विमानसेवा हा तो विषय होय.

वर्धा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, आष्टी आणि कारंजा या आपल्या आठ तालुक्यांतून एकही प्रवासी विमान उडत नाही. सर्वांत जवळचा विमानतळ नागपूरचा, वर्ध्याहून सुमारे ७५ किलोमीटरवर. मग या विषयाचा रुग्णालयाशी संबंध काय? संबंध असा की, गेल्या दोन-तीन दशकांत या जिल्ह्यातील मुले-मुली शिकली, पुण्या-मुंबईस गेली आणि तेथून पुढे अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, आखाती देश अशी दूरवर पांगली. घरी उरले ते आईवडील. आंतररुग्ण विभागातील केसपेपरवर ‘जवळचे नातेवाईक’ या रकान्यात दुबई, सिडनी किंवा न्यू जर्सी येथील दूरध्वनी क्रमांक लिहिला जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. ज्या रुग्णाचा एकुलता एक मुलगा सात समुद्रांपलीकडे आहे, त्याच्या खाटेपाशी विमानाचे वेळापत्रक हाही उपचाराचाच एक भाग होऊन बसतो. साथीच्या दोन वर्षांत आम्हांस याचा जो अनुभव आला, त्यातून संस्थेच्या कामाविषयी काही निश्चित विचार तयार झाले. ते आपणांपुढे मांडण्याचा आज मानस आहे.

प्रथम घटनाक्रम स्मरणात आणू. महाराष्ट्रातील कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. ते दुबईहून परतलेले प्रवासी होते. ११ मार्च रोजी नागपुरात पहिला रुग्ण आढळला. तोही परदेशाहून, अमेरिकेहून, आलेला. १३ मार्चपासून बहुतेक सर्व व्हिसा स्थगित झाले आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांची ओसीआय कार्डावरील व्हिसामुक्त प्रवासाची सवलतही थांबली. २२ मार्चनंतर आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने बंद करण्यात आली. पाठोपाठ देशव्यापी टाळेबंदी आली आणि देशांतर्गत विमाने व रेल्वेगाड्याही थांबल्या.

‘विमानसेवा पुन्हा सुरू झाली’ असे आपण सहज म्हणतो. परंतु ती एका दिवसात सुरू झाली नाही. ७ मे २०२० पासून वंदे भारत अभियानाखाली शासनाने विशेष विमाने सोडली. त्यांसाठी दूतावासाकडे नाव नोंदवावे लागे, भाडे प्रवाशानेच भरावयाचे असे आणि जागा मिळताना रोजगार गमावलेले कामगार, व्हिसा संपत आलेले प्रवासी, गरोदर स्त्रिया, वृद्ध, आजारी, विद्यार्थी आणि घरात मृत्यू झालेले यांना अग्रक्रम होता. जुलै २०२० पासून ‘एअर बबल’ नावाची दोन देशांमधील परस्पर व्यवस्था आली. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी यांच्यापासून आरंभ होऊन पुढे ती तीसहून अधिक देशांशी झाली. नियमित वेळापत्रकाची आंतरराष्ट्रीय विमाने मात्र २७ मार्च २०२२ रोजीच सुरू होऊ शकली. म्हणजे बंद होण्यापासून पूर्ववत होण्यापर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ लोटला. या दोन वर्षांत विमाने उडत होती. प्रश्न एवढाच होता की, त्यांत बसण्याचा अधिकार कोणास, कोणत्या कागदावर आणि उतरल्यावर किती दिवस थांबून.

ही साखळी कशी होती, हे एखाद्या कुटुंबाच्या दृष्टीने पाहावे. २०२० च्या उन्हाळ्यात परदेशातील मुलास आईच्या आजाराची वार्ता कळली, तर प्रथम विमानात जागा मिळविणे आले. २४ मे २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्याने लेखी हमी द्यावयाची की, उतरल्यावर सात दिवस स्वखर्चाने संस्थात्मक विलगीकरणात आणि पुढील सात दिवस गृह विलगीकरणात राहीन. चौदा दिवसांच्या या मुदतीस शास्त्रीय आधार होता. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत जाणारा काळ सामान्यतः चौदा दिवसांच्या आत असतो आणि अगदी आरंभी केलेली तपासणी नकारार्थी येऊनही माणूस बाधित असू शकतो. त्यानंतर मुंबई ते वर्धा हा सुमारे साडेसातशे किलोमीटरचा प्रवास. गाड्या मोजक्या, आणि खासगी वाहनाने एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाण्यास राज्यात २ सप्टेंबर २०२० पर्यंत ई-पास आवश्यक होता. घरी पोहोचल्यावर डाव्या हाताच्या पाठीवर विलगीकरणाचा शिक्का आणि दाराआडचा मुक्काम.

आता आपल्या रूढीचा हिशेब या हिशेबाशेजारी ठेवून पाहा. तिसऱ्या दिवशी अस्थी, दहाव्या दिवशी दशक्रिया, तेराव्या दिवशी तेरवी. वडिलांच्या निधनाच्या दिवशीच निघालेला मुलगाही नियमाप्रमाणे चौदा दिवस वेगळा राहिला, तर तेरवी आटोपल्यानंतरच तो माणसांत येणार. मृत्यूचे जाऊ द्या; पक्षाघाताचा किंवा हृदयविकाराचा रुग्ण अतिदक्षता विभागात असतो तो काळ बहुधा याहून अल्प असतो. नियमाचे चौदा दिवस आणि रुग्णाचे चार दिवस यांचा मेळ घालण्याची जबाबदारी नियम करणाऱ्यांवर नव्हती. ती येऊन पडली खाटेपाशी असलेल्यांवर. म्हणजे डॉक्टर, परिचारिका, शेजारीपाजारी आणि कचेरीतील लिपिक यांच्यावर.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. हे नियम निर्दय नव्हते. त्यांत करुणेसाठी जागा ठेवलेली होती. त्याच २४ मेच्या सूचनांत गरोदरपण, कुटुंबातील मृत्यू, गंभीर आजार आणि दहा वर्षांखालील मुलांसह प्रवास करणारे पालक यांना संस्थात्मक विलगीकरणाऐवजी चौदा दिवस घरीच राहण्याची मुभा देता येईल, असे म्हटले होते. त्याआधी दोनच दिवस, २२ मे रोजी, ओसीआय कार्डधारकांपैकी कुटुंबातील मृत्यूसारख्या आणीबाणीच्या प्रसंगी येऊ इच्छिणाऱ्यांना प्रवेश खुला करण्यात आला. सर्व कार्डधारकांना तो पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये मिळाला. ८ ऑगस्ट २०२० पासून प्रवासापूर्वी ९६ तासांच्या आत केलेल्या आरटी-पीसीआर तपासणीचा नकारार्थी अहवाल ‘एअर सुविधा’ या संकेतस्थळावर सादर केल्यास संस्थात्मक विलगीकरणातून सूट मिळू लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ७२ तासांच्या आतील अहवाल सर्वांना सक्तीचा झाला, तेव्हाही कुटुंबातील मृत्यूमुळे येणाऱ्यास अहवालावाचून प्रवेश ठेवण्यात आला होता.

या शेवटच्या सवलतीत मात्र एक विसंगती होती. अहवालाची सूट घरी मृत्यू झाला असेल तरच मिळे. आईची घटका भरत आली आहे, एवढे कारण पुरेसे नव्हते. मेलेल्याचा दाखला असतो, मरणासन्नाचा नसतो. शासनाच्या टेबलावर मृत्यू ही नोंद आहे. आसन्नमरण अवस्था हे कोणा डॉक्टरचे मत आहे. मताला नोंदीइतके वजन यावयाचे असेल, तर ते लिहिणाऱ्याच्या अक्षरावर जगाचा विश्वास असला पाहिजे. आजच्या भाषणाचा सारा आशय आम्हांस या एका वाक्यात दिसतो. नियमातील करुणा रुग्णापर्यंत आपोआप पोहोचत नाही. ती एका कागदावरून पोहोचते, आणि तो कागद रुग्णालयात लिहिला जातो.

तो कागद म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र. संस्थेच्या लेटरहेडवर, तारखेसह, डॉक्टरांच्या नोंदणी क्रमांकासह, सही-शिक्क्यासह. त्यात रुग्णाचे नाव, निदान, दाखल झाल्याचा दिनांक, प्रकृतीची अवस्था आणि कोणत्या नातेवाइकाची उपस्थिती का आवश्यक आहे, एवढे स्पष्ट हवे. दिसावयास सोपे, प्रत्यक्षात मोठे किचकट. आपल्याकडे आजीबाईंचे नाव केसपेपरवर ‘बेबीबाई’, आधार कार्डावर लग्नानंतरचे आणि मुलाच्या पासपोर्टात आईच्या रकान्यात माहेरचे, असा प्रकार घरोघरी आढळतो. इंग्रजी अक्षरांचे स्पेलिंग तर तीन कागदांवर तीन तऱ्हांचे. वर्ध्यात याने कोणाचे काही अडत नाही. सारे गाव त्यांना ओळखत असते. परंतु दूतावासातील अधिकाऱ्यासमोर किंवा विमानतळावरील खिडकीपाशी, ही बाई या प्रवाशाचीच आई आहे, हे कागदांनीच सिद्ध करावयाचे असते. म्हणून प्रमाणपत्र देण्यापूर्वी मुलाच्या पासपोर्टाची प्रत मागवून तेथील नाव आणि केसपेपरवरील नाव ही दोन्ही ‘उर्फ’ लिहून एकत्र नोंदविण्याचा परिपाठ आम्ही ठेवला. ज्या रात्री मजकूर तयार होई, त्याच रात्री तो पाठवावा लागे. कारण येथे मध्यरात्र होते तेव्हा अमेरिकेतील कचेऱ्या उघड्या असतात.

आणखी एक बाब आहे, जी बोलावयास संकोच वाटतो, तरीही ती या सभेत बोलली गेली पाहिजे. त्या काळात प्रकृती गंभीर नसतानाही ‘गंभीर’ असे लिहून द्यावे, अशा विनंत्या येत. विनंती करणारे लबाड नव्हते. वर्षभर आईवडिलांचे तोंड न पाहिलेले ते लेक होते, लेकी होत्या. त्यांचे दुःख खरे होते, परंतु मागितलेला मजकूर खरा नव्हता. आम्ही तो दिला नाही. कारण उघड आहे. एका खोट्या प्रमाणपत्राने एकाचे काम होईल; परंतु ते उघडकीस आले, तर त्याच लेटरहेडवरील पुढच्या शंभर खऱ्या प्रमाणपत्रांकडे संशयाने पाहिले जाईल, आणि त्यांपैकी एखादे खरोखरच शेवटची घटका मोजणाऱ्या रुग्णाचे असेल. नकार देताना शक्य ते आम्ही केले. जे खरे होते ते सविस्तर लिहून दिले. ‘रुग्ण ७८ वर्षांचे असून एकटे राहतात, मधुमेह व मूत्रपिंडाचा विकार आहे, देखभालीस निकटचे कोणी नाही’ अशा धर्तीचे साधे, खरे वाक्यही बऱ्याचदा पुरेसे वजनदार ठरते, असा आमचा अनुभव आहे. याबद्दल तेव्हा ज्यांचा रोष झाला असेल, त्यांनी आज हे कारण समजून घ्यावे, अशी प्रार्थना आहे.

विमानसेवेच्या या कथेला दुसरीही बाजू आहे, आणि ती २०२१ मध्ये अधिक तीव्रतेने जाणवली. आरंभी आपण जगापासून स्वतःचे रक्षण करीत होतो. पुढे जग आपल्यापासून करू लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेजारच्या अमरावती, यवतमाळ या जिल्ह्यांत रुग्णसंख्या वाढू लागली आणि एप्रिल-मेमध्ये दुसऱ्या लाटेने सारा देश ग्रासला. त्याबरोबर एकामागून एक दारे बंद झाली. एप्रिलच्या अखेरच्या दहा दिवसांतच कॅनडाने भारतातून येणारी थेट विमाने थांबविली, इंग्लंडने भारतास ‘लाल यादी’त टाकले आणि संयुक्त अरब अमिरातीने प्रवेश रोखला. अमेरिकेने ४ मेपासून, आपले नागरिक व कायम रहिवासी वगळता, भारतातून येणाऱ्या बहुतेकांना मज्जाव केला. ऑस्ट्रेलियाने तर ३ ते १५ मे या काळात स्वतःच्या नागरिकांनाही भारतातून परतणे कायद्याने निषिद्ध ठरविले.

परदेशी नोकरी करणाऱ्या मुलापुढचा प्रश्न त्यामुळे बदलला. ‘येता येईल का’ हा प्रश्न मागे पडून ‘आल्यास परत जाता येईल का’ हा पुढे आला. पत्नी-मुले तिकडे, आई इकडे. येथे अडकून पडल्यास नोकरी आणि तिच्यावर अवलंबून असलेला व्हिसा दोन्ही धोक्यात. वडील अत्यवस्थ असताना मुलगा आला नाही, म्हणून गावात त्यास दूषणे दिली गेल्याचे आपण ऐकले असेल. आम्ही खाटेपाशी उभे राहून त्या मुलांचे फोन घेतले आहेत. त्यांतील बहुतेकांना न येण्याचा निर्णय जन्मभर सलणार आहे, हे आम्ही जाणतो. त्यांच्याविषयी कठोर शब्द काढण्यापूर्वी त्या दिवसांतील नियमांची ही यादी एकदा वाचावी, एवढेच आमचे सांगणे.

पुढे लसीकरणाने वाट मोकळी होईल असे वाटले. तेथेही अटी आल्या. लस घेतली एवढे पुरे नव्हते; ती कोणती, हे महत्त्वाचे ठरले. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ रोजी मिळाली. तोवर ती घेतलेल्यांना बऱ्याच देशांची दारे बंद होती. कोविशिल्डची प्रमाणपत्रे ग्राह्य धरण्यावरून इंग्लंड आणि भारत यांच्यात त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वाद झाला आणि दोन्ही देशांनी एकमेकांच्या प्रवाशांवर दहा दिवसांचे विलगीकरण लादले. १५ डिसेंबर २०२१ पासून नियमित विमाने सुरू करण्याची घोषणा झाली. पण ओमायक्रॉनच्या वार्तेने ती थोड्याच दिवसांत पुढे ढकलावी लागली. ११ जानेवारी २०२२ पासून सर्वच आगंतुकांना सात दिवसांचे गृह विलगीकरण आले आणि १४ फेब्रुवारीस ते जाऊन चौदा दिवस स्वतःच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्याची सूचना आली. महिन्या-महिन्याला बदलणाऱ्या या नियमांत आपल्यास लागू कोणता, हे कुटुंबाने शोधावयाचे. आणि एका फोनवर ते विचारता येईल असे ठिकाण म्हणून पुष्कळांना रुग्णालयाचीच आठवण येई.

उलट दिशेनेही अडचण होती. मुलांकडे चार महिन्यांसाठी गेलेले आपले वृद्ध रुग्ण तिकडेच अडकले. सोबत नेलेल्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या संपल्या. आपल्याकडील गोळ्यांची व्यापारी नावे परदेशातील औषधविक्रेत्यास अपरिचित असतात आणि तेथे स्थानिक डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून बहुतेक औषधे मिळत नाहीत. तेव्हा आम्ही औषधांची मूळ रासायनिक नावे, मात्रा, निदान आणि अलीकडील तपासण्यांचे आकडे यांचा गोषवारा लिहून पाठविला, जेणेकरून तेथील डॉक्टरांना नवी चिठ्ठी देणे सुकर व्हावे. परदेशी निघालेल्या प्रत्येक वृद्ध रुग्णाने असा एक कागद सामानात ठेवावा, असा आमचा आजही आग्रह आहे.

आता या साऱ्याकडे आपल्या जिल्ह्याच्या परंपरेतून पाहू. साथीच्या भयाने माणसास वेगळे ठेवणे हे नवे नाही. १८९७ मध्ये मुंबई इलाख्यात प्लेग असताना साथरोग कायदा झाला, रेल्वेच्या प्रवाशांची तपासणी झाली आणि मुंबईहून हजयात्रेस जाणारी जहाजे थांबविण्यात आली. वेगळे ठेवण्याची गरज त्या काळीही होती. परंतु भय, अपमान आणि ताटातूट यांच्या आठवणी त्या गरजेहून अधिक काळ टिकल्या. आपल्या वर्धा जिल्ह्याने याच प्रश्नास निराळे उत्तर देऊन ठेवले आहे. १९३६ मध्ये मनोहरजी दिवाण यांनी दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेचे कार्य आरंभिले. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढले, त्यांना तेथे घर, औषध आणि काम मिळाले. पुढे सेवाग्राम आश्रमात परचुरे शास्त्री कुष्ठपीडित अवस्थेत आले, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी कुटी झाली. परंतु त्यांची शुश्रूषा महात्मा गांधींनी स्वतःच्या हातांनी केली. कुटी वेगळी असू शकते, नाते वेगळे पडता कामा नये, ही शिकवण या मातीत आहे.

आंतरराष्ट्रीय नियमांतही हेच तत्त्व आता शब्दबद्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे २००५ चे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम १५ जून २००७ पासून अमलात आले. विलगीकरणातील प्रवाशांशी सन्मानाने वागावे, त्यांस अन्न, पाणी, निवारा, औषधोपचार आणि संपर्काची साधने द्यावीत, असे त्यांतील ३२ वे कलम सांगते. प्रवाशाच्या विलगीकरणाचा खर्च सामान्यतः त्याच्याकडून घेऊ नये, असे ४० व्या कलमात म्हटले आहे. प्रत्यक्षात अनेक देशांत, आपल्याकडेही, तो खर्च प्रवाशाने सोसला. २०२४ मध्ये या नियमांत दुरुस्त्या होऊन १९ सप्टेंबर २०२५ पासून त्या बहुतेक देशांत लागू झाल्या आणि त्यांत महामारीच्या आणीबाणीसाठी स्वतंत्र तरतूद आली. जग पुढच्या साथीची तयारी करीत आहे. मग आपल्या रुग्णालयाने का करू नये?

या विचाराने संस्थेने काही व्यवस्था कायम ठेवण्याचे ठरविले आहे. पहिली, दाखल होतानाच रुग्णाच्या परदेशस्थ आप्ताखेरीज येथील एका जबाबदार व्यक्तीचे नाव नोंदविणे. सही कोण करणार, रात्री धावून कोण येणार, हे संकट येण्यापूर्वी ठरलेले असावे. दुसरी, रोज ठरलेल्या वेळी एकाच डॉक्टराने दूरच्या कुटुंबाशी बोलणे. चार जणांनी चार तऱ्हेने सांगितले की दूर बसलेल्या माणसाचे भय वाढते. तिसरी, शुद्धीवर असलेल्या रुग्णास मुलाबाळांचे तोंड पडद्यावर दाखविणे. परिचारिकेने हातात धरलेला तो लहानसा पडदा उपचारपत्रिकेत लिहिला जात नाही. तथापि त्यानंतर रुग्ण दोन घास अधिक घेतो, हे प्रत्येक परिचारिका जाणते. चौथी, प्रमाणपत्रे आणि दाखले यांसाठी रात्रीही उपलब्ध असणारा एक जाणता कर्मचारी. आणि पाचवी, मुलगा वाटेत असेल तर त्याची वाट पाहता यावी म्हणून पार्थिव ठेवण्याच्या शीतपेटीची चोख देखभाल.

देणगीदारांस येथे एक विनंती करावीशी वाटते. आपल्या औदार्यातून इमारती उभ्या राहिल्या, यंत्रे आली. त्यांवर आपल्या प्रियजनांच्या नावाच्या पाट्या कृतज्ञतापूर्वक लावल्या आहेत. मात्र रात्रपाळीच्या लिपिकाच्या पगारावर पाटी लावता येत नाही. शीतपेटीच्या विजेच्या बिलावर कोणाचे नाव कोरता येत नाही. तरीही साथीच्या काळात वर्ध्यातील एखादी माता आणि तिचा दूरदेशीचा मुलगा यांच्यामध्ये जो धागा टिकला, तो याच अनाम खर्चातून टिकला. यंदाच्या देणग्यांपैकी काही वाटा या कामासाठी राखून ठेवण्यास आपण संमती द्यावी, ही प्रार्थना.

रुग्णांच्या आप्तेष्टांनाही दोन शब्द. आईवडिलांची नावे सर्व कागदांवर एकसारखी करून घ्या. निरोगी दिवसांत हे काम कंटाळवाणे, संकटात ते अशक्य. त्यांच्या आजारांचा गोषवारा स्वतःपाशी ठेवा. आणि उपचाराविषयी त्यांची स्वतःची इच्छा काय आहे, हे त्यांना शांतपणे विचारून ठेवा. मुलगा विमानतळावर अडकला असता, कृत्रिम श्वासाचे यंत्र लावावे की नाही, हे फोनवर ठरविण्याची पाळी ज्या कुटुंबांवर आली, त्यांत ज्यांना वडिलांचे मत आधीपासून ठाऊक होते, त्यांचे दुःख कमी नव्हते. पण त्यांना संशयाने पोखरले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित केले. आज पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट एवढ्यावर मुलगा दुसऱ्या दिवशी आईजवळ पोहोचू शकतो. हे सुख किती मोलाचे आहे, ते आपण एकदा गमावून पाहिले आहे. त्या दोन वर्षांत रात्री-अपरात्री उठून कागद लिहिणारे आमचे सहकारी, मुलांच्या जागी उभे राहून पाणी पाजणारे आणि खांदा देणारे शेजारी, तसेच पवनारच्या धाम नदीत दुसऱ्याच्या आईच्या अस्थी आपल्या हातांनी सोडणारे मित्र यांचे ऋण कोणत्याही अहवालात पूर्णपणे नोंदविता येणार नाही. ते येथे आम्ही नम्रपणे मान्य करतो.

पुढची साथ केव्हा येईल आणि तेव्हा कोणते दार किती दिवस बंद राहील, हे आपल्या हाती नाही. त्या दारापाशी दाखवावयाचा कागद खरा असावा, वेळेवर निघावा आणि तोवर खाटेवरच्या माणसाचा हात कोणीतरी धरलेला असावा, एवढे मात्र या संस्थेच्या हाती आहे. ते करण्याचे बळ आपल्या सहकार्यानेच आम्हांस मिळत आले आहे, आणि पुढेही मिळेल, असा विश्वास व्यक्त करून आपली रजा घेतो.